नागपूरहून निघालेली अम्माऊसची वाट

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची कथा आपण दरवर्षी पुनरुत्थानकाळात ऐकतो. यरुशलेमहून सुमारे अकरा किलोमीटरवर असलेल्या त्या गावाकडे दोन शिष्य खिन्न मनाने चालले आहेत. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना येऊन मिळतो, त्यांची विचारपूस करतो, मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंतचा शास्त्रार्थ त्यांना उलगडून सांगतो. संध्याकाळ होते. शिष्य त्याला आग्रहाने घरात बोलावतात, आणि तो पंगतीला बसून भाकरी घेतो, आशीर्वाद देतो, ती मोडून त्यांच्या हाती ठेवतो. त्याच क्षणी त्यांचे डोळे उघडतात आणि तोच तो दिसेनासा होतो.

या कथेवरची प्रवचने बहुधा वाटेवरच्या संभाषणापाशी रेंगाळतात. पण लूकने एक गोष्ट फार काळजीपूर्वक नोंदवून ठेवली आहे. वाटेवर त्या दोघांचे अंतःकरण पेटले होते, तरीही त्यांना ओळख पटली नव्हती. शास्त्र समजले, शास्त्र सांगणारा समजला नाही. ओळख पटली ती घरात, रोजच्या रात्रीच्या जेवणात, पाहुणा यजमान झाला तेव्हा. पुढे यरुशलेमला परत जाऊन अकरा प्रेषितांना वृत्तान्त सांगतानाही त्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या: वाटेवर काय घडले ते एक, आणि भाकरी मोडताना तो कसा ओळखू आला ते दुसरे.

वाट आणि घर यांच्यामधले हे अंतर किती मोठे असू शकते, ते पार करायला एका मराठी कुटुंबाला किती वर्षे लागली, आणि त्या प्रवासाचा आरंभ आपल्या नागपुरातून कसा झाला, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रथम नागपूरविषयी थोडेसे. या शहरातील महामंदिर संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे आहे. १८७० साली सुरू झालेली शाळा त्यांच्याच नावाची, पुढे १९५६ साली निघालेले महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे. नाव इतके परिचयाचे की ते 'एस.एफ.एस.' या तीन अक्षरांत विरून गेले आहे आणि त्या अक्षरांमागचा माणूस कोण, हे विचारणारा विद्यार्थी विरळाच. फादर पीटर मर्मिए यांनी १८३८ साली सॅव्हॉय प्रांतात स्थापन केलेल्या संघाचे धर्मगुरू १८४५-४६ च्या सुमारास विशाखापट्टणमला आले. तेथून मध्य हिंदुस्थानपर्यंतचा अवाढव्य मुलूख त्यांच्याकडे सोपविलेला होता. कामठीच्या लष्करी छावणीतले कॅथलिक सैनिक आणि नागपूर शहरातली मूठभर कुटुंबे यांच्यापासून कामाला प्रारंभ झाला. १८८७ साली नागपूर हा विशाखापट्टणमपासून वेगळा धर्मप्रांत झाला, १९५३ साली महाधर्मप्रांत झाला. हा इतिहास ठिकठिकाणी लिहिला गेला आहे. त्याची पुनरुक्ती नको.

परंतु त्या सॅव्हॉयच्या धर्मगुरूंनी आपल्या शिदोरीत कोणती अध्यात्मविद्या आणली होती, हे मात्र पाहण्यासारखे आहे. संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७-१६२२) हे जिनिव्हाचे बिशप. पण जिनिव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना आनेसी या गावी राहावे लागले. १६०९ साली त्यांनी भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. त्याचे मूळ एका प्रापंचिक स्त्रीला लिहिलेल्या पत्रांत आहे. तोवर अध्यात्मावरील पुस्तके बहुधा जगापासून दूर गेलेल्यांसाठी लिहिली जात. फ्रान्सिस यांनी ती दिशाच बदलली. सरदाराची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विधवेची वेगळी, संसारी स्त्रीची वेगळी. आणि जी भक्ती माणसाला त्याच्या न्याय्य कर्तव्यापासून दूर नेते ती खोटी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मधमाशी फुलातून मध घेते पण फूल चुरगळत नाही, तशी खरी भक्ती कोणत्याही व्यवसायाची हानी करीत नाही, हा त्यांचा आवडता दृष्टान्त. (लेखक आणि पत्रकार यांचे आश्रयदाते म्हणून पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली याच संताची निवड केली. तेव्हा या पानांवर त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे.)

म्हणजे प्रभू चुलीपाशी, दुकानात आणि छावणीतही भेटतो, ही शिकवण नागपूरच्या महामंदिराच्या नावातच कोरलेली आहे. ती प्रत्यक्षात कशी उतरते याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र महामंदिराच्या छायेत घडले नाही. ते घडले रेल्वेच्या डब्यात, आणि घडले ते एका पुढे प्रोटेस्टंट झालेल्या कवीच्या बाबतीत. तरीही ते आपले आहे; रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आज आपल्याही उपासनेत म्हटली जातात आणि ती म्हणताना कोणी संप्रदाय विचारत नाही.

१८९० नंतरच्या काही वर्षांत टिळक नागपुरात होते. अप्पासाहेब बुटी या धनवान व विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम त्यांना मिळाले होते. कोकणातल्या करजगावी जन्मलेला, लहान वयात आईला पारखा झालेला, घर सोडून नाशिकला जाऊन संस्कृत शिकलेला हा चित्पावन ब्राह्मण तरुण मनाने अत्यंत अस्वस्थ होता. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला नवा धर्म हवा असे त्याला वाटत होते आणि त्या धर्माची तत्त्वेही त्याने आपल्यापुरती ठरवून टाकली होती. हाती काम टिकत नव्हते. १८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळण्याची आशा दिसली, म्हणून त्याने नागपूरहून गाडी पकडली. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८२ पासून सुरू झालेला होता.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसले होते. त्या काळी अशा डब्यात हिंदी माणसाने शिरावे आणि गोऱ्या प्रवाशाने कपाळाला आठ्या घालाव्यात, हा नित्याचा अनुभव. हे गृहस्थ मात्र हसून सरकले, जागा करून दिली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर, भवभूतीवर. मग धर्मावर. शेवटी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचीन असे वचन त्यांनी दिले. गाडी थांबली, माणसे आपापल्या वाटेने गेली. त्या सहप्रवाशाचे नाव टिळकांनी विचारले नव्हते.

वचन पाळायचे म्हणून वाचन सुरू झाले. पेन्सिलीने खुणा करीत, पहिली पाने काहीशा नाखुशीने उलटीत टिळक संत मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे खिळले. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मिळाली नव्हती, ती या साध्या, प्रेमळ वाक्यांत आहेत असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एतद्देशीय धर्मोपदेशकाच्या हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता आणि रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी तो दिला. त्या अनोळखी सहप्रवाशाने दिलेली दोन वर्षांची मुदत जवळजवळ तंतोतंत पुरी झाली.

वाटेवर भेटलेला परका माणूस, दुखऱ्या मनाची चौकशी, शास्त्राचे उलगडणे, पेटलेले अंतःकरण, आणि नाव न सांगता निघून जाणे: अम्माऊसच्या कथेचा पूर्वार्ध येथे जसाच्या तसा आहे. मात्र उत्तरार्ध टिळकांच्या वाट्याला आला नाही, निदान एकट्याच्या वाट्याला आला नाही. त्यासाठी घर लागते. आणि घर तर त्या बाप्तिस्म्याने दुभंगले होते.

लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांची कहाणी त्यांच्याच शब्दांत 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. ते १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला ते पुस्तक नव्याने सांगण्याची गरज नाही. एवढेच आठवावे की जलालपूरच्या ज्या घरात त्या वाढल्या तेथे त्यांच्या वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. वाण्याकडून आलेले धान्यदेखील धुतल्याशिवाय घरात येत नसे. परक्याच्या स्पर्शाने अन्न बाटते, ही समजूत त्या मुलीने आईच्या दुधाबरोबर घेतली होती. अशा बाईला एके दिवशी कळते की आपला नवरा ख्रिस्ती झाला. पदरी लहानगा दत्तू. नातेवाइकांनी तिला जपले, सांभाळले, आणि नवऱ्यापासून दूर ठेवले. काही काळ ती पंढरपुरात राहिली. दुःखाने तिच्याकडून कविता लिहवून घेतली, तीही याच दिवसांत. सुमारे चार-पाच वर्षांनी ती पतीकडे परतली, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. तिची चूल निराळी, तिचे पाणी निराळे. एका छपराखाली दोन स्वयंपाकघरे.

मला या निराळ्या चुलीचे महत्त्व फार वाटते. टिळकांवरील लेखांत आपण रेल्वेच्या डब्यावर पाने खर्च करतो आणि ही चूल दोन ओळींत संपवतो. वास्तविक टिळकांनी शुभवर्तमान वाचले, मानले, त्यासाठी सर्वस्व सोडले. आणि तरीही त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने काही उणे राहिले नव्हते. पंगत मात्र मोडलेली होती. टिळकांनी यासाठी बायकोवर सक्ती केली नाही, हे त्यांच्या तापट स्वभावाचा विचार करता लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी वाट पाहिली.

मग लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. जाती कोणी निर्माण केल्या, देवाने की माणसाने? पशूंच्या जाती पाहताक्षणी निराळ्या दिसतात. माणसे तर सारखीच जन्मतात, सारखीच मरतात. त्या विचारात गढून गेल्या आणि त्यातून बाहेर आल्या त्या एका निश्चयाने: यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. हा निश्चय आधी झाला, ख्रिस्तावरील श्रद्धेची कबुली नंतर. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे क्रम फार बोलका आहे. टिळकांना ख्रिस्त आधी ग्रंथात भेटला. लक्ष्मीबाईंना तो ताटात भेटला. त्यांनी डोंगरावरील प्रवचनावर चिंतन करून जात सोडली असे नव्हे; महार-मांगांतून आलेल्या अहमदनगरच्या ख्रिस्ती बंधुभगिनींच्या हातचा घास त्यांनी घेतला आणि मग त्या घासामागे कोण उभा आहे ते त्यांना दिसू लागले. पुढच्या आयुष्यात त्या घराची पंगत कधी लहान राहिली नाही. बालकवी ठोंबरे त्या घरात मुलासारखे राहिले ते याच बाईच्या मायेने. आपण सण-समारंभांच्या प्रवचनांत 'दैनंदिन जीवनातील ख्रिस्त' असे म्हणतो, त्याचा अर्थ एखाद्या गोड भावनेपुरता राहतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत त्याचा अर्थ पाण्याचा तांब्या असा होता.

पंढरपूरच्या मुक्कामाचा उल्लेख वर आला आहे. वारकरी पंथातही काल्याचा प्रसाद आहे. कृष्णाने गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांच्या मुखी घातल्या, त्याची ती आठवण. संतांनी त्यात भेदाभेद मानला नाही, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, त्याला असे अनेक आधार आहेत. तथापि त्याच पंढरपुरात विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. काला होता, ओळख विसरली गेली होती. हे दुसऱ्याच्या घरचे उणे म्हणून सांगत नाही, कारण आपल्या घरचे त्याहून जुने आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल ज्या गोष्टीवर संतापला आहे ती नेमकी हीच. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी लोक जमत. धनिक लवकर येऊन पोटभर जेवत, श्रमकरी उशिरा येत आणि उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो की हे प्रभूचे भोजनच नव्हे, आणि प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. येथे 'शरीर' म्हणजे संस्कारातील ख्रिस्तशरीर, हे आपण धर्मशिक्षणात शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण संदर्भ पाहता पौलाला शेजारी बसलेला, किंवा बसू न दिलेला, गरीब बंधूही अभिप्रेत आहे यात शंका नाही. अम्माऊसला भाकरी मोडली आणि डोळे उघडले. करिंथला भाकरी मोडली आणि डोळे मिटलेलेच राहिले.

नागपूरच्या ख्रिस्ती माणसाने हा अध्याय वाचताना १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विसरू नये. त्या दिवशी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा त्यांनी येवल्यास १९३५ साली केली होती. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी अनेक धर्मांचा विचार केला, ख्रिस्ती धर्माचाही. येशूविषयी त्यांना आदर होता. पण धर्मांतर करूनही अस्पृश्याची जात चर्चमध्ये तशीच राहते, आणि ख्रिस्ती समाज या अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, हे त्यांनी आपल्या लेखनात परखडपणे मांडले. बौद्ध धम्माची निवड करण्यामागे त्यांची स्वतंत्र व सखोल कारणे होती, हे खरेच. परंतु त्यांनी आपल्यावर ठेवलेला ठपका त्यामुळे पुसला जात नाही. दक्षिणेत कित्येक ठिकाणी प्रार्थनामंदिरात निराळ्या रांगा आणि दफनभूमीत निराळ्या भिंती होत्या. आपल्याकडे भिंती नसतील. पण वधूवरांच्या शोधात, धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणात कोण वाढतो आणि कोण शेवटी बसतो यात, मूळ जात डोकावत नाही असे छातीठोकपणे किती जण म्हणू शकतील? भारतीय बिशपांच्या परिषदेने १९८२ साली तिरुचिरापल्ली येथे जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात थारा नाही असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. जाहीर करावे लागले, यातच सर्व आले.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ख्रिस्ताच्या उपस्थितीची अनेक ठिकाणे सांगितली: पवित्र मिस्सा, धर्मगुरू, संस्कार, वाचले जाणारे शास्त्र, एकत्र प्रार्थना करणारी मंडळी. पोप पॉल सहावे यांनी १९६५ च्या आपल्या परिपत्रकात या यादीत दयाकृत्ये करणाऱ्या ख्रिस्तसभेचाही उल्लेख केला, कारण जे आपण त्याच्या कनिष्ठ बंधूंसाठी करतो ते त्याच्यासाठीच करतो. मात्र हे सारे सांगून त्यांनी ख्रिस्तप्रसादातील उपस्थिती सर्वांहून निराळी व श्रेष्ठ आहे हेही बजावले. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या करण्याची आपल्याला सवय आहे. एक पक्ष पवित्र मंजूषेसमोर बसतो, दुसरा झोपडपट्टीत जातो, आणि दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात. ज्याने ख्रिस्तप्रसाद घेतला त्यालाच बाहेरचा ख्रिस्त ओळखण्याचे डोळे यावेत, असा त्या शिकवणीचा रोख आहे.

महासभेनंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९७१ मध्ये, नागपुरात एक आंतरराष्ट्रीय ईशज्ञानविषयक परिषद भरली. विषय होता सुवार्ताप्रसार, संवाद आणि विकास. तिचे निवेदन जगभरच्या ईशज्ञानाच्या ग्रंथांत 'नागपूर घोषणा' म्हणून उल्लेखिले जाते, आणि ते आपल्याच गावातले आहे हे नागपूरच्या बहुतेक कॅथलिकांना ठाऊक नाही. त्याचा एक आशय असा की एक अनिर्वचनीय रहस्य जगातील सर्व लोकांत निरनिराळ्या रीतींनी कार्य करीत आहे. त्याला निरनिराळी नावे आहेत, कोणतेच नाव पुरे पडत नाही, आणि नाझरेथच्या येशूमध्ये ते रहस्य निर्णायकपणे प्रकट झाले आहे. भाषा विद्वानांची आहे. पण १८९३ साली याच शहरातून सुटलेल्या गाडीत त्या अनोळखी माणसाने संभाषणाचा आरंभ भवभूतीपासून केला होता, दुसऱ्याच्या धर्मावर टीका करून नव्हे. घोषणेने जे सूत्र म्हणून मांडले ते त्याने अठ्ठ्याहत्तर वर्षे आधी आचरले होते, आणि बहुधा त्याला त्याचे नावही माहीत नव्हते.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्प होता. 'ख्रिस्तायन' या नावाने त्यांनी ते आरंभिले आणि थोडे अध्याय लिहून होतात तो लेखणी खाली पडली. ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, घरीच जेमतेम अक्षरओळख झालेल्या, जोडाक्षरांशी झगडत शिकलेल्या या बाईने संसार सांभाळून अध्यायामागून अध्याय रचले. ग्रंथाचा फार मोठा भाग तिचा आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी ती वारली आणि दोन वर्षांनी, १९३८ साली, 'ख्रिस्तायन' छापून बाहेर आले.